उरलेले अठरा

आमच्या जिन्याची खालून तिसरी पायरी काठाला जरा गुळगुळीत झाली आहे. घर जुनं, सातारच्या मंगळवार पेठेतलं, जिना दगडी. डिसेंबर २०२३ मध्ये मी त्या पायरीच्या काठावर चवडा टेकवून उभी राहायला लागले. उजवा पाय एकटा, टाच हवेत. टाच सावकाश खाली सोडायची, पोटरी ताणली जाईपर्यंत. वर येताना डाव्या पायाची मदत घ्यायची. असं पंधरा वेळा. असे तीन फेरे गुडघा ताठ ठेवून, तीन फेरे गुडघा वाकवून. सकाळी नव्वद, संध्याकाळी नव्वद. दिवसाला एकशेऐंशी, बारा आठवडे, एकही दिवस खाडा न करता.

जिन्याच्या समोरच सासूबाईंची खुर्ची. सकाळी सहाला त्यांची जपमाळ सुरू होते. पहिले दोन दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी मध्येच गोंधळले, अडतीस झाले की एकोणचाळीस ते आठवेना, तेव्हा म्हणाल्या, "तू टाच खाली सोड, मी मणी सोडते." त्या दिवसापासून माझी मोजदाद त्यांच्याकडे गेली. अडचण एकच होती. माळ एकशेआठ मण्यांची आणि माझे नव्वद. माळ अर्धी ठेवून उठायचं नाही, हा त्यांचा नेम. मग त्यांनीच तोड काढली. "नव्वद तुझे," म्हणाल्या, "आणि उरलेले अठरा माझ्या रामाचे." माझं झालं की मी जिन्यावर बसून घाम पुसायची आणि त्या अठरा मणी पुरे करायच्या.

हे सगळं कशासाठी, तर टाचेच्या वर जी जाड दोरीसारखी शीर असते, तिच्यासाठी. अकिलीस म्हणतात तिला. २०२० च्या जानेवारीत मी मुंबईची पूर्ण, म्हणजे बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन पळाले होते, चार तास एक्केचाळीस मिनिटांत. तेव्हा मी बेचाळीस-त्रेचाळीसची. शाळेत शिकवायचं, घरचं सगळं करायचं आणि वर हे, म्हणून गावात थोडं कौतुकही झालं. मग टाळेबंदी आली. २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षं मुंबईची शर्यत झालीच नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती परत होणार असं जाहीर झालं, तेव्हा दोन वर्षांची भूक मी दोन महिन्यांत भागवायला गेले. आठवड्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट, तोही वेगात, पायात कोणीतरी 'फार हलके आहेत' म्हणून सुचवलेले पातळ तळाचे नवे शूज. नोव्हेंबरात एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेमागे कुणीतरी गरम सळई ठेवल्यासारखं झालं. दोष कुणाला द्यायचा? घाट तिथेच होता, शूज मीच घेतले होते.

पुढचं वर्ष सांगण्यासारखं नाही. एका डॉक्टरांनी सहा आठवडे आराम सांगितला आणि जाता जाता, "आता या वयात कशाला?" असंही विचारलं. आराम केला, दुखणं गेलं. पळाले, दुखणं आलं. परत आराम. असं तीनदा झालं. चौथ्यांदा एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. माझ्या दहावीच्या विद्यार्थिनींहून फार तर दहा वर्षांनी मोठी. तिने शीर चिमटीत धरून दाबली, मी ओरडले. ती म्हणाली, "मॅडम, हिला आराम नकोय, हिला काम हवंय. आरामानं ही अजून लेचीपेची होते."

हा एकशेऐंशीचा नेम घालून देणारा माणूस स्वीडनचा हाकान आल्फ्रेडसन नावाचा अस्थितज्ज्ञ. त्याची स्वतःचीच ही शीर दुखायची. असं सांगतात की त्याने वरिष्ठांकडे शस्त्रक्रियेसाठी हट्ट धरला, वरिष्ठांनी नकार दिला. तेव्हा चिडून त्याने ती शीर तुटावी, म्हणजे मग शस्त्रक्रिया करावीच लागेल, म्हणून तिच्यावर जोर द्यायला सुरुवात केली. शीर तुटली तर नाहीच, उलट बरी झाली. पुढे त्याने पंधरा हौशी खेळाडूंवर हाच व्यायाम बारा आठवडे करून पाहिला आणि १९९८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. ते पंधराही जण पुन्हा पळायला लागले. मला या गोष्टीतला त्याचा राग फार आवडतो. सासूबाईंना मी ती सांगितली तर म्हणाल्या, "म्हणजे रुसून केलं तरी लागू पडतं."

मार्चमध्ये पळायची परवानगी मिळाली. पळायची म्हणजे एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस मिनिटं. आणि पुढे कित्येक महिने एकच बंधन: नाडी एका आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही. हा आकडा काढायची एक ढोबळ रीत आहे, एकशेऐंशीतून वय वजा करायचं. पुन्हा एकशेऐंशी. (एका मिनिटात पावलंही एकशेऐंशी पडावीत असं पळणारे म्हणतात. या खेळाला दुसरा आकडाच माहीत नसावा.) माझं वय सत्तेचाळीस, म्हणजे एकशेतेहेतीस. घड्याळ तसं लावून घेतलं, की ओलांडलं की मनगटावर गुर्र करायचं.

एकशेतेहेतीसच्या आत पळणं म्हणजे काय, ते सपाट रस्त्यावर कळत नाही. साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो. समर्थ मंदिराच्या चौकात आलं की एक वाट यवतेश्वरच्या घाटाला लागते, दुसरी बोगद्यातून परळीकडे. घाटाच्या पहिल्या वळणावर घड्याळ गुरगुरायचं आणि मला चालावं लागायचं. ज्या घाटात मी एकेकाळी माणसं मागे टाकायची, तिथे आता रोज फिरायला येणारे काठीवाले आजोबा मला मागे टाकून जात. त्यातले एक दिलखुलास होते. "चालणं उत्तम हो मॅडम, गुडघ्याला बरं," म्हणायचे. मी पळते आहे हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही. एकदा आठवीतला एक मुलगा मागून मोपेडवर आला. त्याला परवाना नाही हे मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे त्याला. तरी थांबून म्हणाला, "मॅडम, बसा मागं, वर सोडतो."

लाज दुखण्यापेक्षा चिवट निघाली. शीर मे महिन्यापर्यंत बरीच शांत झाली होती, पण घराबाहेर पडायची माझी वेळ मात्र साडेपाचवरून पावणेपाचवर गेली होती, अंधारात कोणी पाहू नये म्हणून. आणि अंधारातही एक बाई माझ्यापुढे पळत असायची. चार तास एक्केचाळीस मिनिटंवाली. ती प्रत्येक वळणावर माझ्या आधी पोचायची. मोबाइलमध्ये तर तिची सगळी जंत्री होती: हाच रस्ता, हाच घाट, २०१९ मध्ये इतक्या मिनिटांत, आज तुम्ही इतक्या मिनिटांनी मागे. शेवटी मी दोन गोष्टी केल्या. मोबाइलवरचं ते अ‍ॅप काढून टाकलं आणि घड्याळाच्या काचेवर, जिथे वेग दिसतो तेवढ्या भागावर, जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावली. नाडीचा आकडा दिसायचा, बाकी काही नाही. शाळेत सहकाऱ्यांना वाटलं काच फुटली आहे.

सप्टेंबरात आमच्याकडची हिल मॅरेथॉन झाली. २०१२ पासून होते, घाट चढून कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने उतरायचं, एकवीस किलोमीटर. लागोपाठ दोन वर्षं मी तिथे टेबलाशी उभी राहून पाण्याचे पेले दिले होते. त्या वर्षीही दिले. पळणं जमलं असतं, पण उतारावर शिरेचं काय होईल याची खात्री नव्हती. माझ्या डोक्यात तेव्हा मुंबईच होती: १९ जानेवारी २०२५. मागे मोजलं की बरोबर अठरा आठवड्यांची तयारी १६ सप्टेंबरच्या सोमवारी सुरू होत होती. अठरा! मी काही शकुन मानणारी नाही, पण सासूबाईंना हे सांगितलंच.

पहिल्याच आठवड्यात अनंत चतुर्दशी. मंगळवारी पळायचं ते राहिलं. बुधवारी पहाटे बाहेर पडले तर राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत रस्ता गुलालाने लाल. घरी आले तेव्हा शूज, मोजे, पोटऱ्या सगळं गुलाबी. त्या शूजच्या शिवणीत अजून गुलाल आहे.

या तयारीत खरं तर रंगवून सांगण्यासारखं काही नसतं. आठवड्याला चार दिवस पळायचं, त्यातले तीन दिवस सावकाश, रविवारी लांब. दर आठवड्याला थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्याला उतरवायचं. पायरीवरचे नव्वद चालूच, फक्त आता पाठीवरच्या दप्तरात पुस्तकं भरून. नोव्हेंबर उजाडला की इकडे एक खरी जोखीम येते: उसाच्या ट्रॉल्या. पहाटे धुक्यात मागचा दिवा नसलेली, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेली ट्रॉली, आणि ट्रॅक्टरवर गाणी इतक्या जोरात की मागून येणारं काहीच ऐकू येऊ नये. कोरेगावच्या रस्त्यावर एका पहाटे मी चक्क शेतात उडी मारली. त्यानंतर रविवारची वाट बोगद्यातून परळीकडे वळवली.

आणि निवडणूक. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, आम्हां शिक्षकांना कामगिरी ठरलेलीच. आदल्या दिवशी यंत्रं, शाई, पाकिटं, फॉर्म ताब्यात घेऊन एसटीने डोंगरातल्या एका शाळेत पोचायचं, रात्री वर्गातच फरशीवर सतरंजी टाकायची. पहाटे साडेपाचला चाचणी मतदान, सातला खरं, संध्याकाळी सहानंतर मोहोरबंद करून परत तालुक्याला. साहित्य जमा करून घरी पोचले तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. त्या रविवारी सव्वीस किलोमीटर लिहिलेले होते. पूर्वी मी ते काढले असते, नाहीतर पुढच्या आठवड्यात दोन्ही मिळून भरपाई केली असती. या वेळी सरळ झोपले. बाकी आठवडाही सोडला. त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने एकदा सांगितलं होतं, चुकलेलं पळणं हे चुकलेल्या बससारखं. तिच्यामागे धावलं की पुढची पण चुकते. तिने ते कुठून उचललं कोण जाणे, पण एसटीने फिरणाऱ्या बाईला पटण्यासारखं आहे.

सगळ्यात लांबचं पळणं बत्तीस किलोमीटरचं, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. पूर्ण बेचाळीस तयारीत सहसा कोणी पळत नाही. शरीराची झीज इतकी होते की शर्यतीपर्यंत भरून येत नाही. २९ डिसेंबरला पावणेपाचला निघाले, बोगदा ओलांडला, उजाडेपर्यंत उरमोडी धरणाच्या अलीकडे. कमरेच्या पट्ट्यात खजूर, राजगिऱ्याची चिक्की आणि मीठ-साखर-लिंबू घातलेलं पाणी. पळताना ताकदीसाठी गिळायची ती बाजारातली चिकट जेल मीही वापरून पाहिली आहेत. खोकल्याचं औषध पळता पळता प्यायल्यासारखं वाटतं. सज्जनगडाखाली वळले आणि परत निघाले. पेठेत पोचले तेव्हा एकतीस भरले होते, म्हणून मंगळवार तळ्याभोवती फेऱ्या मारून एक किलोमीटर पुरा केला. पाय लाकडाचे झाले होते पण शीर गप्प होती. घरात शिरत मी जवळजवळ ओरडलेच, "आई, बत्तीस झाले! सज्जनगडापर्यंत जाऊन आले!"

"दर्शन घेतलंस?"

"नाही, खालूनच वळले."

त्यांनी हातातली माळ थांबवली. "गडापर्यंत गेलीस आणि समर्थांना न भेटता आलीस?" बत्तीस किलोमीटरचं त्यांना काहीच वाटलं नाही. दोन दिवस त्या माझ्याशी तुटकच बोलत होत्या. पुढच्या रविवारी नवऱ्याने आम्हां दोघींना गाडीने गडावर नेऊन आणलं, तेव्हा प्रकरण मिटलं.

शेवटचे तीन आठवडे पळणं कमी करत न्यायचं असतं आणि तेच सगळ्यात अवघड. पायांना काम नाही, मग डोकं कामाला लागतं. कधी गुडघा दुखल्यासारखा वाटे, कधी घसा. १४ जानेवारीला संक्रांत. हळदीकुंकवाला जिथे जावं तिथे तिळगुळासोबत एकच प्रश्न: "मग, कितवा नंबर येणार?" मी एकदा खरंच उत्तर देऊन पाहिलं. म्हटलं, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये आपले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले, तिथला रस्ता तर आजच्यापेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरचा. त्यांचा नंबर एकोणिसावा आला होता. "एकोणिसावा?" समोरची बाई हिरमुसली. बरं, आपल्या जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर, जिने मुंबईत भारतीय महिलांत जानेवारी २०१४ मध्ये हॅटट्रिक पुरी केली, ती रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत स्टीपलचेसला, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, दहावी आली. दहावी म्हणजे काय, हे तिच्या मोही गावच्या माळावर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. पण हळदीकुंकवात हे भाषण किती लांबवणार. वाण घेतलं आणि घरी आले.

मुंबईत परळला मावसबहिणीकडे उतरले. रात्री आठला मऊ भात, मेतकूट, तूप. झोप आलीच नाही. पहाटेच्या लोकलच्या डब्यात सगळे छातीवर नंबर लावलेले, सगळा डबा बामाच्या वासाने भरलेला, आणि कोणीच कोणाशी बोलत नव्हतं. सीएसएमटीसमोर पाचला गर्दी हलली.

मुंबईतली सुरुवात फसवी असते. अंधार, मरीन ड्राइव्हचे दिवे, गार वारा. पेडर रोडचा चढ येऊन गेला हे कळतही नाही. सी लिंकवर पोचले तेव्हा उजाडत होतं. तिथे बघणारं कोणी नसतं, नुसती हजारो पावलं आणि खाली पाणी. घड्याळावर पट्टी तशीच होती. माहीमला उतरलं की मात्र मुंबई अंगावर येते: संत्र्याच्या फोडी, मीठ लावलेली काकडी, ग्लुकोजची बिस्किटं, ताशा, गाऊनवर शाल घेतलेल्या आजी. एका पोराने मला "कमॉन आंटी" म्हटलं, आणि त्याच्या आईने त्याला तिथल्या तिथे "ताई म्हण" म्हणून दटावलं. त्या बळावर मी सिद्धिविनायकापर्यंत आले.

मग ऊन चढलं, दमट हवेत घाम वाळेना. तीस किलोमीटरच्या आसपास शरीरातली साठवलेली साखर संपत येते, हे मी वर्गात शिकवावं इतकं वाचलेलं आहे. वाचलेलं असणं आणि हाजी अलीजवळ मांड्या दगड होणं, या दोन वेगळ्या गोष्टी. आणि पुढे तोच पेडर रोड, आता चौतीस-पस्तीस किलोमीटर झाल्यावर. २०२० मध्ये मी तो चढ एका दमात पळत काढला होता. ती बाई पुढे चाललेली मला स्पष्ट दिसत होती, पिवळा टीशर्ट, वेणी डाव्या-उजव्या खांद्यावर उडणारी. तिच्या मागे लागावं असं वाटलं. लागले असते तर पुढच्या खांबाला बसले असते.

मी मोजायला लागले. नव्वद पावलं पळायची. मग अठरा चालायची. नव्वद माझी, अठरा सासूबाईंच्या रामाची. पहिली माळ झाली, दुसरी झाली. शेजारी एक उंच गृहस्थ लंगडत होते, गुजराती असावेत. त्यांनी विचारलं, मी काय पुटपुटते आहे. मी हिंदीत समजावलं. त्यांनी काही न विचारता पाऊल जुळवलं, आणि कितवी माळ ती आठवत नाही, पण पुढे आम्ही दोघं बरोबर थांबायचो, अठरा चालायचो, बरोबर उचलायचो. केम्प्स कॉर्नरच्या पुलावरून उतार लागला तेव्हा ते पुढे निघून गेले, हात वर करून. मी मरीन ड्राइव्हभर मोजतच राहिले. चर्चगेटला वळल्यावर मोजणी सुटली, कारण रडू येत होतं आणि रडताना आकडे राहत नाहीत.

पाच तास सव्वीस मिनिटं. हे मला घरी येऊन कळलं, पट्टी काढल्यावर.

सोमवारी रात्री साताऱ्यात पोचले. मंगळवारी सकाळी जिना उतरताना मी उलटी, तोंड भिंतीकडे करून, कठडा धरून एकेक पायरी येत होते. मांड्या दुसरं काही करू देत नव्हत्या. खाली सासूबाई माळ घेऊन बसलेल्या. तिसऱ्या पायरीवर मी टेकले. पदक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं, वजन बघितलं, आणि बाजूला ठेवलं.

"तिकडं किती माळा झाल्या?"

"विसरले हो आई."

"बरं," म्हणाल्या, आणि माळ माझ्याकडे सरकवली. "आज तू माळ धर. माझे गुडघे फार दुखतायत, मी जरा पायरीवर उभी राहून बघते."